डबल बेल झाल्याशिवाय

माझ्या आईला गाडी चालवता येत होती, फक्त गाडी निघत नव्हती.

इंजिन चालू व्हायचं, क्लच दाबला जायचा, पहिला गिअर पडायचा, हँडब्रेक खाली यायचा. मग आई स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसायची. एखाद्या लग्नात फोटो काढताना बसतात तशी.

"काय झालं?" मी विचारायची.

"बेल न्हाई झाली," आई म्हणायची.

मी परभणीच्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवते. ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबणाऱ्या, वळण आलं की डोळे मिटणाऱ्या, रस्त्यात सासरे दिसले म्हणून स्टीअरिंग सोडून डोक्यावर पदर घेणाऱ्या, सगळ्या मी पाहिल्यात. बेलची वाट बघणारी पहिलीच, आणि ती नेमकी माझी आई निघाली.

तिचा दोष नाही. आई, म्हणजे गीताबाई, नोकरीभर एसटीत कंडक्टर होती. बाबा, म्हणजे सूर्यभान, तिच्याच गाडीवर ड्रायव्हर. जिंतूर-परभणी, परभणी-जिंतूर. मागून आई छताची दोरी ओढायची. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आमच्या घरी भांडणंही याच पद्धतीनं चालत. आईनं ताटाच्या काठावर चमचा एकदा वाजवला की बाबा बोलायचे थांबत. दोनदा वाजवला की जेवायला लागत. नावानं तर त्यांनी एकमेकांना कधी हाक मारलीच नाही. ती "ओ ड्रायव्हर" म्हणायची, ते "काय कंडक्टर" म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरात एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर असतो.

दोघं रिटायर झाले आणि त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली. तिचं चाकावरचं घर करायचं ठरलं. आत झोपायचं, आत रांधायचं, वाटेल तिथं जायचं. काम दिलं भुजंगमामांना. भुजंगमामा जिंतुरातले वेल्डर. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्याच केल्या. चाकावरचं घर म्हटल्यावर ते बराच वेळ डोकं खाजवत बसले आणि मग म्हणाले, "जमतंय की. ट्रॉलीला छत घातलं की घरच झालं."

त्यांनी पलंग बसवला, ओटा केला, कोपऱ्यात मोरी काढली, गव्हाची कोठी ठेवायला जागा केली आणि हाताच्या सवयीनं मागं ट्रॉलीचा हुक वेल्ड केला. म्हणजे कधी पाहुणे फार झालेच, तर आमच्या घराला मागून दुसरं घर जोडता येतं.

समोर काचेच्या वर एसटीला असते तशी पाटी होती. त्यावर काय लिहायचं, असं भुजंगमामांनी विचारलं. बाबा म्हणाले, "घराच्या गाडीवर काय लिहितेत, तेच लिवा." मामांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: घर.

शेवटी बाबांनी भंगारवाल्याकडून जुन्या बसची घंटा आणून दोरीसकट छताला लावली. आत माणसं दोन, गाडी एवढीशी, हळूच खोकलं तरी पुढं ऐकू जातं. पण घंटेशिवाय गाडी म्हणजे त्यांना पत्र्याचा डबा वाटला असता.

गाडी तयार झाली आणि बाबांचे डोळे बिघडले. साखरेनं आतला पडदा खराब केला, असं डॉक्टर म्हणाले. उपचार चालू झाले, पण बाबांनी स्वतःच चावी खुंटीला लावली. "रस्ता एक हाय आन् मला दोन दिसायलेत," ते म्हणाले. "दोन्हीवरून एकदम कसं चालवू?"

एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण ते पुढं म्हणाले, "मी न्हाई तर गाडी न्हाई. दुसऱ्याच्या हाताखाली मी काय बसणार न्हाई." आणि त्यांनी गाडी स्टँडजवळच्या जीवनला द्यायचं कबूल करून टाकलं. जीवनचा चायनीजचा गाडा आहे. गव्हाच्या कोठीच्या जागी त्याला मंचुरियनची कढई दिसत होती.

"मी शिकते की," आई म्हणाली.

बाबा हसले. "कंडक्टर, तुमची जागा मागं हाय."

"व्हय. मागं बसूनच बघितलंय, पुढं बसून माणूस काय करतंय ते. लय काय करत न्हाई."

ते बाबांना लागलं. म्हणाले, "बरं. जिंतूरला आरटीओचं शिबिर हाय फाल्गुनात. पयल्या झटक्यात पास व्हा, कुणाची मदत न घेता. न्हाई झालात, की गाडी जीवनची. मग रडायचं न्हाई."

"झाले पास तर?"

"तर न्या कुठं न्यायची ती."

असल्या गाड्या घेऊन लोक लडाखला जातात म्हणे. माझ्या आईला बोरी आणि झरीच्या मधे जायचं होतं.

बोरी मागं पडली की परभणीच्या रस्त्याला एक ओढा लागतो. त्याच्या काठावर एकटा पळस आहे. फाल्गुनात त्याला एक पान नसतं, नुसती फुलं. तिकिटं देता देता आईचा हात तिथं थांबायचा. दर वर्षी ती म्हणायची, "ओ ड्रायव्हर, मिनिटभर थांबवा की." आणि बाबा म्हणायचे, "हितं थांबा न्हाई." बरोबरच होतं त्यांचं. गाडीत माणसं असायची, कुणाला दवाखाना, कुणाला कोर्ट. खरं तर आईच्या हातात दोरी होती. एक टोला मारला असता तर बाबांना थांबावंच लागलं असतं. पण झाड बघायला घंटा मारायची नसते, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं. नोकरीभर तो पळस तिनं खिडकीतून, चालत्या गाडीतून, उभ्यानं पाहिला. तिला एकदा तिथं थांबायचं होतं. बाकी जग तसंच राहिलं तरी तिची हरकत नव्हती.

शिकायला तिच्याबरोबर शिवम्मामावशी आली. ती आमच्या शेजारची. तिच्या मालकांचं, सिद्रामप्पांचं, किराणा दुकान. मावशीला गाडी घेऊन कुठंही जायचं नव्हतं. "घरापशीच शिकवायलेत तर नाहक कशाला सोडायचं?" एवढंच तिचं म्हणणं. सिद्रामप्पांनी लगेच परवानगी दिली. रोज सकाळी तासभर दुकानात शांतता मिळणार होती.

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर आमची शाळा भरली. माझ्या स्कूलच्या गाडीत माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो. इथं माझ्या पायाखाली गव्हाची कोठी होती.

आईचं तुम्हाला सांगितलंच. मी टाळ्या वाजवून पाहिल्या, हॉर्न वाजवला, मोबाईलवर घंटेचा आवाज लावला. आई जागची हलेना.

"आई, तूच आता ड्रायव्हर. तूच ठरवायचं निघायचं कधी."

"असं कसं? मागं कोण चढायलंय, मला पुढून काय दिसायलंय?"

"मागं शिवम्मामावशी आहे फक्त."

"ती बसली का?"

"बसलीय."

"दार लावलं का?"

"लावलंय."

"मग बेल मारायला काय झालंय तिला?" आई वैतागली. "बेल म्हंजे नुसता आवाज न्हाई गं. बेल म्हंजे सगळे चढले, कुणी खाली राहिलं न्हाई. त्याबिगर गाडी हलवायची म्हंजे काय, कुणाचं लेकरू दारात अडकलं म्हंजे?"

शिवम्मामावशीनं दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग. गाडी लोण्यासारखी निघाली. पूर्ण मैदानाला वळसा घालून आई परत आली, कुठं धक्का नाही की हिसका नाही.

मग मावशीची पाळी. मावशीचं बरोबर उलटं होतं. ती बसल्याबरोबर निघायची आणि थांबायचीच नाही. शिवाय बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं बघायची तिची रीत, आणि समोरची म्हणजे मी, मागच्या पलंगावर.

"पोरी, तुझ्या लग्नाचं काय करायलेत?"

"मावशी, समोर बघ."

"समोर काय हाय? कापूस हाय."

"तेच म्हणते मी. कापूस आहे."

त्या दिवशी आम्ही कापसाच्या गंजीत गेलो. लागलं कुणालाच नाही. जिनिंगच्या मुकादमानं फावड्यानं आम्हाला बाहेर काढलं. तेव्हासुद्धा इंजिन चालूच होतं आणि मावशी विचारत होती, "मग त्या वसमतच्या पोराचं काय झालं?" दोघींना मिळून एक चांगला ड्रायव्हर झाला असता, पण आरटीओ दोघींत एक लायसन्स देत नाही.

मैदान झालं. मग रस्ता, एका संध्याकाळी. मी समोर बसले, मावशी मागं दोरीला. आई निघाली आणि पहिल्याच थांब्यावर थांबली.

"आई, का थांबलीस?"

"थांबा हाय."

"आपण एसटी नाही."

"मला माहिताय. पायाला माहीत न्हाई."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. थांब्यावर उभी असलेली माणसं पाटी वाचून चढायला लागली होती. पाटीवर लिहिलं होतं घर. संध्याकाळच्या वेळी प्रत्येकाला तिकडंच जायचं असतं. कुणाच्या, हे कुणी विचारलं नाही. एक आजोबा पिशवी सांभाळत पलंगावर बसले. एका बाईनं दोन कोंबड्या मोरीत ठेवल्या, त्या जागेला दुसरा काही उपयोग असेल असं तिला वाटलं नाही.

"बायांना अर्धंच हाय ना तिकीट?" तिनं विचारलं.

"तिकीट न्हाई, माय. ही आमची खासगी गाडी," मावशी म्हणाली.

"म्हंजे फुकट?"

"फुकट न्हाई. चहा घ्यावा लागंल."

आणि तिनं गॅस पेटवला. गाडी चालू असताना गॅस पेटवायचा नाही, असं मी ओरडले. तर आईनं लगेच पुढच्या थांब्यावर गाडी उभी केली, तिथून आणखी चौघं चढले आणि चहा कमी पडला. त्या आजोबांचं गाव येऊन गेलं तरी ते उतरेनात. पलंग फार आवडला होता. "आता घर म्हनलं तर घर," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. त्यांना नेऊन सोडायला आम्हाला उलटं यावं लागलं.

ही बातमी स्टँडमार्गे बाबांपर्यंत पोचली. रात्री जेवताना ते म्हणाले, "ऐकलं, गाडी थांब्यावर थांबली."

"थांबली," आई म्हणाली.

"सगळ्या थांब्यांवर?"

"सगळ्या."

बाबांनी भाकरी मोडली. "बरं झालं," ते म्हणाले. मग आपण विरोधात आहोत हे त्यांना आठवलं असावं. म्हणाले, "पण जीवनला मी शब्द दिलाय."

शिबिराच्या दिवशी मैदानावर चुन्यानं आठचा आकडा काढला होता. त्यावरून गाडी न्यायची, शेवटी खांबापाशी उभी करायची. तपासायला आलेले साहेब तरुण होते, सडपातळ आणि अजून कशाला न वैतागलेले. बाबा चहाच्या टपरीशी उभे होते. "मी काय बघायला न्हाई आलो, चहाला आलोय," असं त्यांनी न विचारता सांगितलं. घरापासून ती टपरी बरीच लांब आहे. जीवनही आला होता. हातात मोजायचा टेप.

आधी शिवम्मामावशी. साहेब शेजारी बसले. मावशीनं आठचा आकडा मोत्यासारखा काढला, खांबापाशी आली, आणि खांब मागं टाकून फाटकातून बाहेर गेली. आम्ही बघत राहिलो. गाडी बाजाराच्या दिशेनं दिसेनाशी झाली.

बऱ्याच वेळानं ती परत आली. साहेब उतरले. त्यांच्या हातात शेंगदाण्याची पुडी होती.

"साहेबांना मनलं, एवढं चांगलं चालवायले तर आमच्या मालकांना दावून तरी येऊ," मावशी म्हणाली. "तर आमचे मालक गाडीकडं बघंनातच. साहेबांना मनले, काय देऊ?"

साहेब बराच वेळ शेंगदाण्यांकडं बघत होते. मग म्हणाले, "मावशी, पुढच्या शिबिराला या. थांबायचं शिकून या."

"येते की. तुमी बी या दुकानाला."

मग आई.

साहेबांनी मला खाली उतरवलं. मावशीलाही लांब उभं केलं. मागच्या दोरीला कुणी नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. खरं तर आधीच यायला पाहिजे होतं, मी पगारी शिक्षिका आहे.

इंजिन सुरू झालं. गिअर पडला. हँडब्रेक खाली आला. आणि आई समोर बघत बसली.

"चला मॅडम," साहेब म्हणाले.

आई बसून राहिली.

"टिंग टिंग!" शिवम्मामावशी लांबून ओरडली. "गीताबाई! टिंग टिंग!"

"तोंडानं न्हाई चालत," खिडकीतून आईचा आवाज आला. बिचारी रडकुंडीला आली होती. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. आईनं बाजूच्या आरशात पाहिलं, मागं वळून पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं.

बाबांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं, पण इंजिन त्यांना डोळे मिटूनही दिसतं.

"गिअर टाकलाय तिनं," ते मला म्हणाले. "का निघंना?"

"बेल नाही झाली."

"आत कोण कोण हाय?"

"साहेब आहेत. आणि जीवन. मागं काउंटरचं माप घेतोय, त्याला कुणी उतरवलंच नाही."

"सगळे चढले मग. आता कुणाची वाट बघायली ती? कोण राहिलंय?"

माझा धंदा प्रश्नांची उत्तरं द्यायचा आहे. पण या प्रश्नाचं उत्तर आईच्या आरशात दिसत होतं. आरसा बरोबर टपरीच्या बाजूला होता.

बाबांनी कप ठेवला. दुसऱ्याच्या हाताखाली बसणार नाही, असं म्हणणारा तो माणूस हात पुढं करून चालत गेला. गाडीच्या पत्र्यावर तळवा टेकवला, तो सरकवत सरकवत मागचं दार शोधलं, बाबा चढले, दार ओढून लावलं आणि वरची दोरी एका झटक्यात सापडली.

टिंग टिंग.

गाडी निघाली.

"अहो, हे मागं कोण?" साहेब ओरडले.

"प्यासेंजर हाय," आई म्हणाली. वळणावर होती, तिला बोलायला वेळ नव्हता.

आठचा आकडा तिनं असा काढला की चुना हलला नाही. मागं जीवन टेप हातात धरून पलंगावर गप्प बसला होता. शेवटच्या खांबापाशी एक माणूस पिशवी घेऊन उभा होता, आपला नंबर यायची वाट बघत. आईनं गाडी त्याच्यासमोर उभी केली, इंचभर इकडं नाही की तिकडं नाही. सवयीनं तो चढलासुद्धा.

साहेब खाली उतरून विचार करत राहिले. "मागं कुणी बसू नये असा नियम आहे का, ते मला बघावं लागेल," ते म्हणाले. मग त्यांनी खांबाकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं. "पण एवढं सरळ उभं केलेलं मी अजून पाहिलं नव्हतं. पास."

जीवन उतरला. "काका, काउंटर काय बसंना," तो म्हणाला. "अन् ह्या गाडीत मंचुरियन तळायचं म्हंजे... झोप यायली मला तिथं. नको." टेप त्यानं खिशात घातला.

"कुणाची मदत घ्यायची न्हाई, असं ठरलं व्हतं," आई बाबांना म्हणाली. "मोडलं."

"मी कुठं मदत केली?" बाबा म्हणाले. "मी तर चढलो नुसता."

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. आई पुढं, मी तिच्या शेजारी, शिवम्मामावशी चिवड्याच्या डब्यासकट पलंगावर आणि बाबा मागं दोरीला. मुद्दाम सकाळी लवकर निघालो, म्हणजे थांब्यांवर माणसं कमी असतील. तरी आई प्रत्येक थांब्यावर थांबली, प्रत्येक वेळी बाबांनी आत नजर फिरवल्यासारखं केलं आणि दोन टोले दिले. बोरी गेली. मावशी माझ्या लग्नावर आली. मी खिडकीबाहेर बघत होते.

ओढा आला आणि गाडी हळू झाली. मग रस्त्याच्या कडेला उतरून उभी राहिली. आईनं इंजिन बंद केलं.

बाबांनी मागं दोरी चाचपून पाहिली.

"मी बेल मारली न्हाई," बाबा म्हणाले.

"माहिताय मला."

"मग? हितं थांबा न्हाई, ड्रायव्हर."

आई वळली. माझ्या आयुष्यात मी त्यांच्या तोंडून तिला 'ड्रायव्हर' म्हटलेलं कधी ऐकलं नव्हतं. तिनंही नसावं. ती खाली उतरली, मागं गेली आणि दार उघडून त्यांना हात दिला. बाबा उतरले. काचेतून बघावं तसे डोळे बारीक करून समोर बघायला लागले.

"लाल लाल दिसायलंय कायतरी," ते म्हणाले. "सिग्नल हाय का?"

"व्हय," आई म्हणाली. "सिग्नलच हाय. म्हणून तर थांबले."

आम्ही झाडाखाली चटई टाकली. फुलं पडत होती, चहात पडली, चिवड्यात पडली. बाबांनी एक उचलून बोटांत धरलं आणि पार नाकापाशी नेऊन पाहिलं. "हे व्हय," ते म्हणाले. "एवढ्यासाठी दर वर्षी मागं लागायच्या तुमी." आणि ते फूल त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं, पूर्वी तिथं त्यांचा पेन असायचा.

एवढ्यात शेतातून एक माणूस विळा-दोरी घेऊन आला. गाडी उभी आहे म्हणजे थांबा आहे, असा त्याचा सरळ हिशोब. त्यानं पाटी वाचली, आत चढला, पलंगाच्या कडेला टेकला. आम्ही त्याला चहा दिला. तो प्याला. थोडा वेळ त्यानं वाट पाहिली.

"बाई, गाडी कवा निघायची?" त्यानं खिडकीतून आईला विचारलं.

बाबा चटईवर उताणे पडले होते, हात डोक्याखाली, दोरीपासून बरेच लांब. आईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग वर झाडाकडं पाहिलं.

"बेल व्हायचीय अजून," ती म्हणाली.